किल्ली कुणी दिली, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अपघाताची बातमी नाही असा दिवस जात नाही. सांगली-मिरज रोड, तासगाव रोड, पेठ नाका, नाहीतर आपला तो नवीन रत्नागिरी-नागपूर हायवे. बातमीत गाडीचा नंबर असतो, गाव असतं, कोण गेलं कोण सिरियस ते असतं, शेवटच्या ओळीत चालकावर गुन्हा दाखल झाला हे असतं, पण ती गाडी त्याच्या हातात दिली कुणी हे कधीच नसतं. माझं म्हणणं आहे ते पण विचारा आणि छापा. लायसन्स होतं का, गाडी कुणाच्या नावावर, किल्ली कुणी दिली. कारण माझ्या बघण्यात तरी आपल्याकडं गाडी कुणी चालवायची हे आरटीओ ठरवत नाही, ज्याच्या हातात किल्ली असते तो ठरवतो, आणि त्याला कुणी काही विचारतच नाही.

मी मिरजेत हाडांच्या दवाखान्यात सिस्टर आहे, बरीच वर्षं झाली या कामात. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, आपल्या जिल्ह्यातनं, कोल्हापूरकडनं, सोलापूरकडनं, कर्नाटकातनं सुद्धा पेशंट येतात, त्यामुळं मांडीचं हाड, नडगी, खुबा, मनगट मोडलेली माणसं आम्हाला रोजची. अपघाताची केस आली की काय झालं कसं झालं हे कागदावर लिहून घ्यावं लागतं. पहिल्या दिवशी सगळे सांगतात समोरचा अंगावर आला, कुत्रं आडवं आलं, खडीवरनं घसरली. मग दोन-चार दिवस गेले, दुखणं जरा कमी झालं की ड्रेसिंग करताना खरं काय ते हळूहळू बाहेर येतं. फोन वाजला होता. रात्रभर झोप नव्हती. गाडी मामाची होती, हात बसला नव्हता. आणि वॉर्डाबाहेर बाकड्यावर बाप बसलेला असतो, रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन, तो न विचारता सांगतो, "सिस्टर, क्लासला उशीर होत होता हो, म्हणून दिली."

ही अडचण खोटी नाही. दहावीचा निकाल लागला की सकाळी सहाची बॅच विश्रामबागला, दहाची कॉलेज कॉर्नरला, मधे प्रॅक्टिकल, बुधगाव कवलापूरकडनं येणाऱ्या पोरांना एसटीचं टायमिंग जुळत नाही, बापाची कुपवाडला शिफ्ट, आईला घरातलं आणि म्हशीचं, मग काय, स्कूटी. आम्ही पण मुलीला पहाटे उठून सोडायचो आणायचो, त्याचा त्रास काय असतो ते माहीत आहे मला. पण अडचण आहे म्हणून पंधरा-सोळा वर्षाच्या पोराला येणारा ट्रक किती लांब आहे आणि किती जोरात येतोय याचा अंदाज आपोआप येत नाही ना. तो अंदाज यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मागं दोन मित्र बसलेले असतात.

बऱ्याच आईबापांची एक पक्की समजूत आहे की सोळा पूर्ण झाली की विदाऊट गिअरचं लायसन्स निघतं, मग काळजी नाही. लायसन्स निघतं हे खरं, पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४ मध्ये ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी आहे. आता ५० सीसीची स्कूटर कुठल्या शोरूममध्ये मिळते ते मला कुणीतरी दाखवा, आपण जी घेतो ती ११० नाहीतर १२५ सीसीची असते. म्हणजे पोराच्या खिशात लायसन्स आहे आणि तरी तो विनालायसन्सच चालवतोय, घरातल्या कुणाला ते माहीत नाही आणि ज्या एजंटनं काढून दिलं त्यानं सांगितलेलं नाही. इलेक्ट्रिकचं पण तसंच. २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ च्या आत स्पीड असेल तर त्या गाडीला नंबर पण लागत नाही आणि लायसन्स पण लागत नाही, हा नियम आहे. पण लायसन्स लागत नाही म्हणून घेतलेली गाडी जर रस्त्यावर ४०-४५ नं पळत असेल तर ती त्या नियमात बसतच नाही, मग बिलावर काहीही लिहिलेलं असू दे. घेताना बापानं एकदा स्वतः चालवून काटा कुठं जातो ते बघावं.

२०१९ ला कायद्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन पोरानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या पोराला वयाची २५ होईपर्यंत लायसन्स नाही. मला माहीत नव्हतं, म्हणायला पण वाव फार कमी ठेवलाय, आपल्या नकळत नेली होती किंवा आपण अडवायचा सगळा प्रयत्न केला होता हे पालकानंच सिद्ध करायचं. याच्यापेक्षा मोठं म्हणजे इन्शुरन्स. चालवणाऱ्याकडं लायसन्स नसेल तर समोरच्याला भरपाई इन्शुरन्स कंपनीनं द्यायची आणि ती मालकाकडनं वसूल करायची असे आदेश कोर्टात बऱ्याचदा होतात. समोरचा कमावता माणूस गेला असेल तर रक्कम किती होते ते वकिलाला विचारा, बागायत जमीन विकायची पाळी येते. हे पालक मिटींगला, अकरावीच्या ॲडमिशनच्या रांगेत, क्लासच्या दारात मोठ्या अक्षरात लावलं पाहिजे, आणि क्लासवाल्यांनी पण आपल्या दारात लागणाऱ्या गाड्यांची रांग बघून गप्प बसू नये, फी घेताना फोटो मागता तसं गाडीनं येणार असेल तर लायसन्सची झेरॉक्स मागा.

पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलानं पोर्शे गाडीनं दोन इंजिनिअरना उडवलं, त्याला जामिनासाठी ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा आख्ख्या महाराष्ट्राला संताप आला होता आणि यायलाच पाहिजे होता. आमच्या दवाखान्यात पण आठवडाभर तोच विषय. पण त्याच आठवड्यात आमच्याकडं स्कूटीवरनं पडलेली शाळकरी पोरं येतच होती. किल्ली पोर्शेची असली काय आणि स्कूटीची असली काय, बापानं देताना केलेला विचार मला दोन्हीकडं सारखाच वाटतो, की काय होतंय, जाऊन येऊ दे.

आता मोबाईल. यावर मला जास्त बोलायचंय कारण हे फक्त पोरांचं नाही, तुमच्या माझ्या वयाच्या माणसांचं जास्त आहे. विश्रामबाग चौकात संध्याकाळी उभं राहून बघा. एक खांदा वर करून मान वाकडी करून त्यात फोन दाबून गाडी चालवणारे, हेल्मेटच्या आत फोन खोचणारे, आणि आम्ही बायका तर तोंडाला स्कार्फ बांधतो त्याच्यातच कानाजवळ फोन सरकवून देतो, दोन्ही हात मोकळे म्हणजे काय सुरक्षितच असं वाटतं. कारवाले ब्लूटूथवर. पार्सलवाली पोरं हँडलला लावलेल्या स्क्रीनवर पुढची ऑर्डर बघतायत, त्यांचं तर पोट त्या स्क्रीनवर आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका साधारण चार पट असतो, आणि हँड्सफ्री लावलं म्हणून तो फार कमी होत नाही. हँड्सफ्रीचं लोकांना पटत नाही, मी सांगितलं की वाद घालतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अमेरिकेत युटा विद्यापीठात बरीच वर्षं सिम्युलेटरवर माणसं बसवून अभ्यास झाला, त्यात दिसलं की फोन हातात धरून बोललं काय आणि हात मोकळे ठेवून बोललं काय, ब्रेक मारायला उशीर दोन्हीकडं होतो, कारण अडचण हाताची नाहीच, डोक्याची आहे. डोळे समोर असतात पण समोरचं डोक्यात उतरत नाही. अपघातानंतर पेशंट शपथेवर सांगतो, सिस्टर, तो कुठनं आला मला दिसलाच नाही, आणि तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच दिसलेला नसतो. मग लोक विचारतात शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतो ते चालतं का. त्यात फरक आहे. शेजारचा माणूस रस्ता बघत असतो, समोर ट्रॅक्टर आडवा आला की तो बोलता बोलता आपोआप गप्प होतो, कधी कधी अरे बघ बघ म्हणून ओरडतो. फोनवरच्या माणसाला तो ट्रॅक्टर दिसत नाही, तो आपलं लग्नातल्या आहेराचं बोलतच राहतो.

मेसेज बघणं तर याच्या वरचं. ताशी ६० नं चाललेली गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर जाते. पाच सेकंद खाली बघितलं तर ८० मीटरच्या वर, म्हणजे क्रिकेटच्या चार पिच एकामागं एक डोळे झाकून पार केल्या. तेवढ्यात मिरज-पंढरपूर रोडला काय काय येऊ शकतं ते आपल्याला माहीत आहे, दिंडी, मेंढरं, उसाची बैलगाडी, शाळा सुटलेली पोरं. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ करवीर तालुक्यातली दिंडी पायी पंढरपूरला चालली होती, मागनं कार घुसली आणि ७ वारकरी गेले. कार्तिकी जवळ आली की आमच्या वॉर्डात अजून कुणीतरी तो विषय काढतंच. चालणाऱ्या माणसाला ना हेल्मेट ना सीटबेल्ट ना एअरबॅग, त्याचं सगळं मागनं येणाऱ्याच्या लक्षावर आहे.

सरकारी आकड्यात मोबाईलमुळं झालेले मृत्यू फार थोडे दिसतात. २०२२ ला देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, आपल्या महाराष्ट्रात १५ हजारांच्या वर, त्यात मोबाईलच्या खात्यावर दोन टक्क्यांच्या आसपास दाखवलेत आणि सगळ्यात जास्त अतिवेगाच्या. मला यातला मोबाईलचा आकडा पटत नाही. कोण कबूल करणार की मी फोनवर होतो? पंचनाम्यात टायरच्या खुणा मोजतात, फोन ताब्यात घेऊन त्या मिनिटाला कॉल चालू होता का हे किती केसमध्ये बघतात? गंभीर अपघातात तरी कॉल डिटेल मागवायचेच असा पोलिसांनी नियम करावा, रक्त तपासायला नेतात तसं. दारूला १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, मशीन आहे, फुंकायला लावतात. फोन हातात धरून चालवणं हे २०१९ पासून कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंग म्हणून स्पष्ट लिहिलंय, पहिल्या वेळी १ हजार ते ५ हजार दंड आणि कैदेची पण तरतूद आहे, पण दारू प्यायलेल्या माणसाला किल्ली देताना घरातले निदान दहा वेळा विचार करतात आणि फोनवर बोलत बोलत बाहेर पडणाऱ्याला स्वतः हातात किल्ली आणून देतात.

आणि फोन करणारा? त्याचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. ड्रेसिंग करताना मी विचारते कुणाचा फोन होता, तर बहुतेक वेळा घरातल्याच कुणाचा असतो. कुठं पोचलास, येताना कोथिंबीर आण, जेवायला थांबू का. माणूस घरातनं निघालाय हे माहीत असताना पाच मिनिटांनी आपणच फोन लावतो, उचलला नाही तर परत लावतो, परत लावतो, मग त्याला वाटतं काहीतरी झालंय घरी, आणि तो एका हातानं खिसा चाचपायला लागतो. आमच्या घरी आता साधा नियम आहे. समोरच्यानं उचलला की पहिला प्रश्न, गाडीवर आहेस का, हो म्हटलं की पुढं एक शब्द न बोलता ठेवायचा. सासूबाईंना सुद्धा सवय झालीय. यजमान एमआयडीसीतनं निघताना एक मेसेज टाकतात आणि पोचल्यावर एक, मधे कुणी फोन करत नाही, जग काही बुडत नाही. कंपन्यांच्या सुपरवायझरांनी, डेअरीवाल्यांनी, बँकेच्या वसुलीवाल्यांनी पण हा नियम पाळावा, त्यांच्या फोनला तर माणूस न उचलायची हिंमतच करत नाही.

मोबाईल सोडून पण हातातलं लक्ष काढून घेणाऱ्या गोष्टी आहेत, आपल्या भागातली मोठी म्हणजे तंबाखू-सुपारीचा मावा. गुडघ्यानं स्टेअरिंग धरून दोन्ही हातांनी मावा मळणारे ड्रायव्हर मी वडापच्या जीपमध्ये बसून डोळ्यांनी बघितलेत, मग थुंकायला डोकं बाहेर. पुढं उभं केलेलं लहान मूल आरसा धरून ओढतंय ते वेगळंच.

आता लायसन्सबद्दल. सध्याच्या नियमानं तिशीच्या आत लायसन्स काढलं की ते थेट चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतं. म्हणजे अठराव्या वर्षी काढणाऱ्याला मधली बावीस वर्षं कुणी विचारायला येत नाही की बाबा तुला दिसतंय का. चाळिशीच्या आत खासगी गाडीसाठी डॉक्टरचा दाखला पण लागत नाही, आपणच फॉर्म भरून सही करायची की फिट येत नाहीत, रातांधळेपणा नाही, वगैरे. त्या फॉर्ममध्ये एक फार चांगला प्रश्न आहे, चांगल्या उजेडात २५ मीटरवरनं, चष्मा असेल तर चष्मा लावून, गाडीची नंबर प्लेट प्रत्येक डोळ्यानं वाचता येते का. लोक न वाचता हो वर टिक करतात. माझी विनंती आहे की हे घरी करून बघा, पंचवीस मीटर मोजा, एक डोळा झाका आणि वाचा, मग दुसरा. आमच्याकडं नर्सिंगच्या मुलींना मी सहज पार्किंगमध्ये करायला लावलं होतं, काही जणींना चष्म्याची गरज आहे हे त्या दिवशी कळलं, आणि त्या रोज गाडीवर येत होत्या.

चाळिशीनंतर डॉक्टरचा फॉर्म लागतो पण तो कसा मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे, पेशंट समोर नसताना शिक्का बसतो. हे थांबलंच पाहिजे, आमच्याच क्षेत्रातल्या लोकांनी थांबवायचं आहे. पंचावन्नच्या पुढं लायसन्स पाच-पाच वर्षांनी रिन्यू होतं. म्हाताऱ्या माणसांनी चालवू नये असं मी अजिबात म्हणत नाही. आमच्या शेजारचे काका सत्तरीच्या पुढचे आहेत, अंधार पडला की गाडी काढत नाहीत, पाऊस असला की काढत नाहीत, हायवेला जात नाहीत, तीसच्या वर काटा नेत नाहीत, त्यांच्या मागं मी डोळे मिटून बसेन. पण गावाकडं एम-८० दुचाकीला दोन्हीकडं दुधाचे कॅन लावून मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्यांनी पहाटे डेअरीला जाणारे अण्णा पण आहेत, घरातल्या सगळ्यांना माहीत असतं की त्यांना दिसत नाही, पण किल्ली मागायची कुणी? पोराला वाटतं वडिलांचा मान जाईल. जपानमध्ये पंचाहत्तरीच्या पुढं लायसन्स रिन्यू करताना स्मरणशक्तीची, समजण्याची टेस्ट असते. आपल्याकडं तशी टेस्ट सरकार कधी आणेल तेव्हा आणेल, तोपर्यंत पोराला बोलता येत नसेल तर डोळ्याच्या डॉक्टरला बोलायला लावा, डॉक्टरचं म्हातारी माणसं ऐकतात. आणि किल्ली घ्याल तेव्हा दूध डेअरीला न्यायची जबाबदारी पण घ्या, नुसती किल्ली काढून घेतली की माणूस घरात बसून खचतो, ते पण आम्ही बघतो.

शुगरच्या पेशंटनी उपाशीपोटी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन गाडी काढू नये. साखर खाली गेली की घाम, थरथर, आणि डोकं बधिर होतं, बघणाऱ्याला वाटतं दारू प्यायलाय. सर्दी-खोकल्याच्या आणि ॲलर्जीच्या बऱ्याच औषधांनी झोप येते, मेडिकलवाल्याला विचारून घ्या. आणि प्लास्टर काढल्या काढल्या गाडीवर बसणारे पण भरपूर आहेत, विशेषतः उजवा पाय. चालता येतंय म्हणजे ब्रेक जोरात दाबता येतोय असं नसतं, एक्सरे बघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत मागं बसून जा.

याच्या उलट एक अनुभव सांगते. पोलिओ झालेल्या किंवा पाय कापावा लागलेल्या माणसाला मागं दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरचं लायसन्स मिळू शकतं. आमचे काही जुने पेशंट अशी स्कूटर चालवतात, आरसे, लाईट, ब्रेक सगळं ओके ठेवून, कारण त्यांना एकेक गोष्ट मिळवायला झगडावं लागलंय. २०२० ला नियम बदलून रंग ओळखण्याची थोडी अडचण असलेल्यांना सुद्धा लायसन्स द्यायला सुरुवात झाली, ते पण बरोबरच झालं. अशा माणसाला रस्त्यावर लोक विचारतात, तुला कुणी लायसन्स दिलं? तोच प्रश्न धडधाकट पोराला कुणी विचारत नाही, जो एका हातानं रील बघत चाललाय.

आता पोटासाठी चालवणारे, यांच्याबद्दल मी जपून लिहिते कारण यात बऱ्याचदा ड्रायव्हर स्वतःच मार खाणारा असतो. भाजीपाला, द्राक्षं, बेदाणा घेऊन रात्री निघणारे पिकअप, सकाळच्या मार्केटला मुंबई नाहीतर पुणे गाठायचं, परत येऊन दुपारी परत भरायचं. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की साध्या कारच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. गरीब ड्रायव्हरची त्यामुळं सोय झाली हे चांगलं आहे, पण आता ही गाडी याला झेपेल का हे बघायची जबाबदारी मालकावर जास्त आली, ते मालकांनी लक्षात घेतलंय का? ९ डिसेंबर २०२४ ला मुंबईत कुर्ल्याला बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली तेव्हा पण हाच मुद्दा निघाला होता की एवढी मोठी बस देण्याआधी त्या ड्रायव्हरला ट्रेनिंग किती दिलं. झोपेचं तर विचारूच नका. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा २०२५ पर्यंत होता, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागायचा, एक-दोन गाड्यांच्या मालकाला लागतच नव्हता, आणि आपल्याकडं बहुतेक गाड्या अशाच मालकांच्या. पहाटे दोन ते पाच ही वेळ शरीराची झोपायची असते, चहा-तंबाखूनं ती टळत नाही, वीस मिनिटं गाडी बाजूला घेऊन झोपलं तर टळते. मालकानं फोन करून कुठं आहेस कुठं आहेस विचारण्याऐवजी झोपलास का विचारावं. लग्नाला, जोतिबाला, तुळजापूरला रात्री गाडी करून जाणाऱ्यांनी पण, ड्रायव्हर दिवसभर कुठं होता हे भाडं ठरवतानाच विचारून घ्यावं, तो नाराज होत नाही, उलट बरं वाटतं त्याला.

आणि ऊस. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू होतील. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, उसाच्या मोळ्या बाहेर आलेल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, असला तरी उसानं झाकलेला, आणि टेपचा आवाज एवढा की मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही. रात्री दुचाकीवाला मागनं त्यात जातो. या केस दर हंगामाला आमच्याकडं येतात, आणि ट्रॅक्टरवर बसलेला पोरगा कित्येकदा वीस वर्षांचा पण नसतो, मालवाहतुकीच्या गाडीला कायद्यानं वीस पूर्ण लागतात. इथं किल्ली देणारा फक्त ट्रॅक्टरमालक नाही, कारखाना पण आहे, कारण वाहतुकीचा करार कारखाना करतो, वजनकाट्यावर गाडी घेतो, पैसे काढतो. तेव्हा आपल्या पेपरमार्फत जिल्ह्यातल्या सगळ्या कारखान्यांच्या चेअरमन आणि संचालकांना माझी विनंती आहे, की हंगामाची पहिली मोळी टाकायच्या कार्यक्रमाच्या आधी करार करतानाच ड्रायव्हरचं लायसन्स आणि वय बघा, प्रत्येक ट्रॉलीला मागं आणि बाजूला रिफ्लेक्टर कारखान्याच्या खर्चानं लावा, टेप काढून ठेवायला लावा, आणि ज्या ट्रॉलीला मागं दिवा दिसत नाही ती काट्यावर घेऊ नका. एकदा दोन-चार गाड्या गेटवरनं परत गेल्या की बाकीच्यांना सांगावं लागणार नाही.

आपली,
एक सिस्टर, मिरज